पऱ्हाटीतून डिझेल निघत नाही, मग काय निघतं?

नमस्कार. मागून वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नागपूरजवळच्या कळमेश्वर तालुक्यात तुमची २२ एकर शेती आहे. १५ एकर कापूस, ५ एकर संत्रा, उरलेल्यात तूर. दरवर्षी पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं, उपटून धुऱ्यावर (बांधावर) जाळता आणि ते आता मनाला पटत नाही. एका विक्रेत्याने १२ लाखांचा ‘पायरोलिसिस प्लान्ट’, म्हणजे हवा न देता माल तापवणारी भट्टी, दाखवला. १ टन काडीकचऱ्यातून ४०० लिटर तेल निघतं, ते ट्रॅक्टरमध्ये चालतं, वर बायोचार (जमिनीत घालायचा कोळसा) फुकटात आणि दोन वर्षांत पैसे वसूल, असं तो सांगतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हे खरं आहे का, संत्र्याच्या साली आणि गळलेली फळं चालतील का, आणि प्लान्ट नकोच असेल तर जुन्या ड्रममध्ये घरच्या घरी जमेल का.

मी सोळा वर्षांपासून याच कामात आहे. हिंगण्याच्या शेडमध्ये माझी रिटॉर्ट भट्टी (बंद भांड्यात माल भरून बाहेरून तापवायची) आहे, शिवाय दरवर्षी फेब्रुवारी ते मे शेतावर जाऊन चरांमध्ये कोळसा पाडतो. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि हात काळे करून कळलेलं जास्त सांगतो.

४०० लिटरचा आकडा हवेतून आलेला नाही. तो टायरचा आहे. जुने टायर बंद भांड्यात तापवले की वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के तेल निघतं, कारण रबर मुळात हायड्रोकार्बन. बाजारात पायरोलिसिसच्या नावाने जे प्लान्ट विकले जातात त्यातले बरेच टायरसाठीच बनवलेले असतात, आणि विक्रेता तोच आकडा उचलून काडीकचऱ्याला चिकटवतो. पऱ्हाटीचा जवळजवळ अर्धा भार कार्बन, पण चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो. तो ऑक्सिजन तेलात उतरतो. म्हणून वनस्पतीपासून निघणाऱ्या द्रवात पाणी असतं, ॲसिटिक ॲसिड असतं, फिनॉल असतात. त्याचा सामू २ ते ३, म्हणजे लिंबाच्या रसाच्या आसपास. हे ट्रॅक्टरच्या पंपात घातलं तर नोझल चोक होतील, सील जातील, आणि मिस्त्री तुम्हाला जे बोलेल ते इथे लिहिता येणार नाही.

काहीजण म्हणतील, पण परदेशात बायोऑइल काढतात की. काढतात, ती वेगळी पद्धत आहे, फास्ट पायरोलिसिस. भुशासारखा बारीक, वाळलेला माल साधारण ५०० अंशांवर एक-दोन सेकंदात फोडायचा आणि वाफ लगेच गार करायची. त्यात पाऊण भाग द्रव मिळतो, तरी त्यातही पाणी असतंच आणि त्याची उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी भरते. तुम्हाला दाखवलेला प्लान्ट म्हणजे गोल फिरणारी टाकी आणि खाली जाळ. तापायला दोन-तीन तास लागतात. हे स्लो पायरोलिसिस, मराठीत सांगायचं तर मंद कोळसा पाडणं. यात मुख्य माल कोळसा, दुसरा माल उष्णता, आणि द्रव हा सांभाळायचा उपद्व्याप. एवढी क्रमवारी डोक्यात पक्की बसली की बाकी हिशेब आपोआप सरळ होतो.

हे काही नवं शास्त्रही नाही. कर्नाटकातल्या भद्रावतीला (आपल्या चंद्रपूरकडच्या नव्हे) म्हैसूर संस्थानाने १९२३ मध्ये लोखंडाचा कारखाना सुरू केला, तो लाकडी कोळशावर चालायचा. तिथे लाकूड बंद भांड्यात तापवून निघणारी वाफ गार करत. त्या काळी अशा कारखान्यांतून काय विकलं जायचं? ॲसिटिक ॲसिड, मिथेनॉल, डांबर. डिझेल तेव्हाही निघत नव्हतं.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही मशीनबद्दल विचारलंय, पण अडचण मशीनची नाही. माल किती टन, तो किती वाळलेला, आणि भट्टीतून निघणारी उष्णता घ्यायला शेजारी कोण आहे, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

पहिली गोष्ट, टन. कोरडवाहू कापसाची वाळलेली पऱ्हाटी हेक्टरी साधारण २ ते ३ टन पडते. तुमचे १५ एकर म्हणजे ६ हेक्टर, म्हणजे वर्षाला १२ ते १८ टन. रोज १ टन खाणारा प्लान्ट तुमच्या शेतावर पंधरा दिवस चालेल आणि साडेअकरा महिने गंजत उभा राहील. शेजाऱ्यांची पऱ्हाटी विकत आणू म्हणाल, तर एकदा ट्रॉली भरून वजनकाट्यावर नेऊन बघा. दोरखंड बांधून, माणसाच्या उंचीच्या वर रचलेली ट्रॉली डोळ्यांना पाच टनांची वाटते आणि काट्यावर आठ-नऊ क्विंटल भरते. तुम्ही पऱ्हाटी आणत नसता, काड्यांमधली हवा आणत असता, आणि भाडं त्या हवेचं देता. कापून, श्रेडरमधून बारीक करून आणली तर वजन वाढतं, पण मग श्रेडरचं डिझेल हिशेबात धरा.

पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, उसाच्या पाचटाचं हेच कोडं उलट बाजूने सोडवलं होतं. पाचट कारखान्याकडे नेणं परवडत नाही, तर भट्टीच फडात न्यायची. पाचट भरलेले डबे मोठ्या ड्रमसारख्या भट्टीत ठेवायचे, डब्यांतून निघणारा वायू खाली जळून भट्टी तापवतो. कोळशाच्या चुऱ्यापासून कांड्या बनवायच्या. २००२ मध्ये त्यांना या कामासाठी ॲशडेन पुरस्कार मिळाला. मी माझी पहिली भट्टी त्याच तत्त्वावर बनवली, आणि आजही कोणी विचारलं की आधी तेच सांगतो: माल हलका असेल तर भट्टी हलवा.

दुसरी गोष्ट ओलावा, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण दहातल्या आठ भट्ट्या इथेच बसतात. आधी आत काय चालतं ते बघू. चुलीत लाकूड जळताना दिसणारी ज्वाला लाकडाची नसते, लाकडातून सुटलेल्या वाफांची असते. पायरोलिसिसमध्ये आपण लाकडाला हवा मिळू देत नाही, त्यामुळे वाफा सुटतात पण कोळसा जळत नाही. १०० अंशांच्या आसपास पाणी उडतं आणि ते पूर्ण उडेपर्यंत तापमान जागचं हलत नाही. मग काडीचे तीन मुख्य घटक पाळीपाळीने: साधारण २२० पासून हेमिसेल्युलोज सुटायला लागतं, ३१५ ते ४०० दरम्यान सेल्युलोज. लिग्निन मात्र हळूहळू, शेवटपर्यंत सुटत राहतं आणि कोळशाचा मोठा वाटा त्याच्यातूनच येतो. पऱ्हाटीत लिग्निन लाकडासारखं भरपूर, म्हणून तिचा कोळसा कडक पडतो. सोयाबीनचं कुटार असं नसतं. त्याची भुकटी होते, राख जास्त. आणि ते जनावरांच्या तोंडचं आहे, तिकडेच जाऊ द्या.

भट्टीपाशी बसलात की हे सगळं धुरात दिसतं. सुरुवातीला पांढरा, दाट, जमिनीलगत लोळणारा धूर. हात धरला तर ओला होतो. ही निव्वळ वाफ, तिला काडी लावली तर काडीच विझते. मग धूर पिवळट होतो, डोळ्यांना झोंबतो, घशात आंबट लागतो. इथून पुढे तो पेट घ्यायला लागतो. वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी ज्वाला आधी भकभक करते, विझते, पुन्हा लागते, आणि एकदा स्थिर झाली की तिचा आवाज बदलतो, स्टोव्हसारखा फुर्रर्र. २८०-३०० च्या पुढे भट्टी स्वतःच्या जोरावर चालते आणि बाहेरचं सरपण जवळजवळ बंद करता येतं. शेवटी धूर निळसर, पातळ, मग जवळपास पारदर्शक. तेव्हा थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारा) ४५०-५०० दाखवत असतो. माझा जुना गडी थर्मोकपलकडे बघतही नाही, धुरावरून सांगतो, आणि तो चुकलेला मी दोनदाच पाहिलाय.

पऱ्हाटी ओली असेल तर तो पांढरा धूर संपतच नाही. नुकती उपटलेली काडी ४० टक्क्यांपर्यंत पाणी धरून असते. १ किलो पाणी साध्या तापमानापासून वाफ करायला ६०० किलोकॅलरीहून जास्त लागतात, म्हणजे टनामागे अडीच लाख नुसत्या वाफेत. शिवाय ती वाफ ज्वालेला मारते. त्यामुळे तुम्ही बाहेरचं लाकूड जाळत राहता आणि १० किलो लाकूड जाळून ८ किलो कोळसा काढल्याचं समाधान मिळवता. आपल्याकडे सुदैव असं की मार्च-एप्रिलच्या उन्हात उभे भारे तीन-चार आठवड्यांत १०-१२ टक्क्यांवर येतात. दुर्दैव असं की ती वाळलेली पऱ्हाटी पावसाळाभर ठेवायला जागा लागते, आणि ढीग धुऱ्यावर ठेवला तर गुलाबी बोंडअळीचं वसतिगृह होतं. कापूस संशोधन संस्थेचे लोक दरवर्षी कंठशोष करून सांगतात की पऱ्हाटीचे ढीग ठेवू नका, त्यात किडलेली बोंडं असतात. म्हणजे तुमचा हंगाम ठरलेला: वेचणी संपल्यावर उपटा, किडकी बोंडं आधी झोडपून वेगळी जाळा, काडी लगेच वाळवा, आणि मे महिन्याच्या आत कोळसा करून मोकळे व्हा.

याच मुद्द्यात तुमचा संत्र्याचा प्रश्न निकाली निघतो. साल आणि गळलेली फळं यांत पाऊण भागाहून जास्त पाणी. १ टन सालीतलं पाणी उडवायला साडेचार-पाच लाख किलोकॅलरी, आणि त्या सालीच्या वाफांतून मिळणारी उष्णताही साधारण तेवढीच. म्हणजे भट्टीने दिवसभर फक्त पाणी उकळलं. साली आणि गळ खतात घाला, नाहीतर बायोगॅसला द्या. बायोगॅसला देताना थोडी थोडी, कारण सालीतलं तेल जिवाणूंना मानवत नाही. पण संत्र्याची सल मात्र सोन्यासारखी. बहाराआधी सल काढता ना, त्या वाळक्या फांद्या जाळू नका, माझ्याकडे आल्या तर पऱ्हाटीपेक्षा आधी मी त्या भरतो. तुराट्याही उत्तम, पण तुराट्यांना घरात आणि कुडाला मागणी असते. ज्या बायका भारे नेतात त्यांची चूल बंद करून बायोचार करण्यात शहाणपण नाही.

तिसरी गोष्ट, उष्णता. इथे थोडा हिशेब करू. १ टन पऱ्हाटी, ओलावा १२ टक्के. कोरडा माल ८८० किलो, त्याची उष्णता किलोमागे सुमारे ४,२०० किलोकॅलरी धरली तर एकूण ३७ लाख. रिटॉर्टमध्ये कोळसा पडतो २५० किलोच्या आसपास, किलोमागे ६,८०० धरले तर १७ लाख. उरलेले २० लाख वाफांमध्ये. पाणी उडवायला, भट्टी तापायला आणि भिंतीतून जाणारे मिळून ७-८ लाख सोडा. १२ लाख वापरण्याजोगे राहतात. १९ किलोच्या व्यावसायिक गॅस सिलिंडरमध्ये साधारण २.१ लाख किलोकॅलरी असतात. बॉयलर-ड्रायरची गळती धरून १ टन पऱ्हाटीमागे तीन-चार सिलिंडरचं काम होतं.

शेतात एकट्या उभ्या प्लान्टमध्ये ही उष्णता आकाशात जाते. डाळमिल, पोहामिल, मिरची वाळवणारा, हळद शिजवणारा, यांच्यापैकी कोणाच्या भिंतीला लागून भट्टी असेल तरच चित्र बदलतं. माझी भट्टी तगली ती याच कारणाने. शेजारच्या शेडमध्ये ड्रायर आहे, गरम हवा त्यांना जाते, आणि कोळसा विकला गेला नाही तरी महिन्याचा खर्च निघतो. कोळशावर नफा आणि उष्णतेवर पोट, असं ते आहे. तुमच्या विक्रेत्याच्या पत्रकात उष्णतेचा रकाना आहे का बघा. मी पाहिलेल्या सात-आठ पत्रकांत नव्हता.

आणि द्रव? वाफ गार केली तर टनामागे तीनेकशे किलो द्रव मिळेल, पण त्यातलं बरंचसं आंबट पाणी, खाली बसणारं डांबर ५० ते ८० किलो. हे आंबट पाणी म्हणजे लाकडाचा व्हिनेगर. लोक पातळ करून फवारायला विकतात. विकायचंच असेल तर तीन महिने स्थिर ठेवा, वरचा तेलकट तवंग आणि खालचं डांबर सोडून मधला चहासारखा भाग घ्या. त्याचे गुण सांगणाऱ्यांची कमी नाही, त्यामुळे मी फक्त दोष सांगतो: साध्या लोखंडाची टाकी ते वर्षभरात खातं, नाल्यात सोडलं तर मासे मरतात, आणि डांबराने नळ्या तुंबतात. नळी तुंबली की आत दाब वाढतो. माझ्याकडे एकदा झाकणाच्या चारही क्लॅम्प उडाल्या होत्या. त्या दिवसापासून मी वाफ गार करणं सोडलं, सगळी गरमागरम जाळतो. नळी जाड, आखूड आणि भट्टीकडे उतार असलेली, एवढा नियम पाळला की डांबर परत आत जाऊन जळतं.

तुमच्या १५ एकरांसाठी मी सुचवतो तो उपाय फुकटचा आहे: चर. २०१४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कोन-टिकी नावाची उघडी, कोनासारखी भट्टी पुढे आली, तिचंच हे मातीतलं भावंड. पऱ्हाटीच्या लांबीपेक्षा हातभर मोठा, साधारण सहा फूट लांब, वर चार फूट रुंद, अडीच-तीन फूट खोल, बाजू उतरत्या. काड्या तोडायची गरज नाही, हा मोठा फायदा. तळाशी बारीक वाळलेल्या काड्यांचा ढीग रचून वरून पेटवायचा, खालून नाही. जाळ चांगला धरला आणि वरच्या काड्यांवर पांढुरकी राख दिसू लागली की पुढचा थर आडवा पसरायचा. वरची ज्वाला येणारी सगळी हवा खाते, त्यामुळे खालच्या थरांना हवा मिळत नाही आणि त्यांचा कोळसा होतो. धूर झाला तर थर घाईने टाकला, राख फार पांढरी झाली तर उशिरा टाकला. दोन माणसं लागतात, तीन तासांत ट्रॉलीभर पऱ्हाटी जाते.

चर भरला की विझवणं हाच खरा कस. चारेकशे लिटर पाणी बाजूला भरून ठेवल्याशिवाय काडी ओढू नका. बादलीने कडेने ओता, मग फावड्याने उलथून पुन्हा ओता. चरात कोळसा २० टक्क्यांच्या आसपास पडतो, रिटॉर्टपेक्षा कमी, कारण थोडा जळतो. चालू द्या. गाडीभाडं शून्य आहे. पहाटे, वारा पडलेला असताना, गव्हाच्या उभ्या शेतापासून दूर करा. आणि मेच्या दुपारी तर नकोच नको.

कोळसा झाला की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काडी मोडा. खट् असा काचेसारखा आवाज आला, आतपर्यंत काळी आणि चकचकीत दिसली, तर जमलं. वाकली किंवा आत तपकिरी दिसली तर कच्ची. मग चुरा हातावर चोळा आणि नुसत्या पाण्याने धुवा. निघाला तर स्वच्छ. हात चिकट राहिला, साबण लागला, तर डांबर शिल्लक आहे. तो शेतात घालू नका, चुलीत घाला.

आता माझीच एक चूक सांगतो. अकरा-बारा वर्षांपूर्वी रिटॉर्टची भट्टी संध्याकाळी उघडली. वरून हात लावला, गार. गडी म्हणाला, “थंडी पडली जी, काहून थांबता?” मलाही घरी जायची घाई होती. पोती भरली, शेडमध्ये रचली. ताजा, कोरडा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषताना स्वतःहून तापतो, आणि पोत्यांच्या मध्ये ती उष्णता अडकते. रात्री तीनला चौकीदाराचा फोन. ज्वाला नव्हतीच, बत्तीस पोती आतून लाल झालेली आणि शेड कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं. त्या वायूला वास नाही. चौकीदार दार उघडून आत न जाता बाहेर येऊन बसला म्हणून वाचला. तेव्हापासून भट्टी चोवीस तास बंद, उघडल्यावर पाणी, मग एक दिवस पातळ पसरून, मग पोती. आणि झाकण गरम असताना “जरा बघू” म्हणून कधी उघडायचं नाही. आत साठलेल्या वायूला एकदम हवा मिळाली की स्फोट होतो.

बायोचार शेतात घालण्याबद्दल माझं मत थोडं थंड आहे, ते मांडतो. ॲमेझॉनच्या काळ्या मातीच्या गोष्टी ऐकून लोक पऱ्हाटीचा कोळसा सरळ कापसात पसरतात. ती ॲमेझॉनची मूळ जमीन आम्ल आणि निचऱ्याने धुतलेली. आपली काळी जमीन आधीच अल्कधर्मी, सामू आठच्या आसपास, आणि अन्नद्रव्य धरून ठेवायची ताकद तिच्यात मुळातच मोठी. बायोचारही अल्कधर्मी. त्यामुळे आम्ल जमिनीत जो फायदा दिसतो त्यातला मोठा भाग तुमच्या भारी काळ्या जमिनीत दिसणार नाही. तुमच्याकडे टेकडीकडची बरड जमीन असेल, जिथे पाणी टिकत नाही, तिथे घाला. कोकणातल्या किंवा गडचिरोलीकडच्या लाल जमिनीवाल्याने मला विचारलं असतं तर मी यापेक्षा उत्साहाने बोललो असतो.

आणि कोरा कोळसा कधीच नको. तो उपाशी असतो, जमिनीतलं नत्र आधी स्वतः धरतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडतं. चुरा करून गोठ्यात पसरा, गोमूत्र पिऊ द्या, गोठ्याचा वासही कमी होतो. मग शेणखताच्या ढिगात दहा टक्क्यांपर्यंत मिसळा आणि दोन-तीन महिने मुरू द्या. संत्र्याच्या झाडाला या मिश्रणाच्या दोन-तीन टोपल्या, मुळांच्या परिघात. निम्म्या झाडांना द्या, निम्म्यांना नुसतं शेणखत, आणि दोन बहार बघा. माझ्या सांगण्यापेक्षा तुमची बाग खरं सांगेल.

कार्बन क्रेडिटचं, म्हणजे कार्बन हवेत जाऊ न दिल्याबद्दल मिळणाऱ्या पैशाचं, विक्रेत्याने सांगितलं असेलच. गणित खरं आहे: बायोचारमधला कार्बन शेकडो वर्षं जमिनीत राहतो, आणि १ टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. १ टन चांगल्या बायोचारमागे कपाती धरून दोन-अडीच टन. पण त्याला प्रत्येक खेपेचं वजन, ओलावा, तपासणी, फोटो, आणि हायड्रोजन-कार्बन प्रमाण ०.७ च्या खाली असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला लागतो. वर्षाला तीन-चार टन बायोचार करणाऱ्या एकट्या शेतकऱ्याला ही कागदं झेपत नाहीत. गावातले चाळीस-पन्नास शेतकरी एकत्र आले, उत्पादक कंपनी असली, तर बोलण्यात अर्थ आहे. तेव्हाही वायू न जाळता सोडणारी भट्टी चालत नाही, कारण धुरातला मिथेन केलेली कमाई खातो.

शेवटी विकायचंच असेल, तर आणखी एक वाट लक्षात ठेवा. २०२१ च्या केंद्रीय धोरणाने कोळशावरच्या वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास पॅलेट (काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या) मिसळायला सांगितलं. आपल्या भोवती कोराडी, खापरखेडा, मौदा अशी मोठी केंद्रं आहेत. जवळपास पॅलेट बनवणारा असेल तर पऱ्हाटी बारीक करून त्याला विकणं कोळसा पाडण्यापेक्षा कमी डोकेदुखीचं ठरतं. पऱ्हाटीच्या पॅलेटचं तंत्र बघायचं असेल तर नागपूरच्या वाडीकडे सिरकॉटच्या (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या) जिनिंग प्रशिक्षण केंद्रात एक चक्कर मारा.

म्हणजे १२ लाखांच्या प्लान्टला माझा नकार. या फेब्रुवारीत दोन चर खणा, पाच-सहा ट्रॉल्या जाळून बघा, वजनं वहीत लिहा. वर्षानंतरही हौस टिकली आणि तालुक्यात उष्णता घेणारा कोणी सापडला, तर रिटॉर्टचं बोलू. त्या वेळी धूर किती निघतो यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा प्रश्न येईल. भट्टी उभारल्यावर नाही, आधी लेखी विचारायचं.

राहिले ड्रम. २०० लिटरचा ड्रम चालतो, शिकायला तर छान. झाकणाला पट्टीचा क्लॅम्प असलेला, उघड्या तोंडाचा घ्या. बुडाशी बोटभर जाडीची पाच-सहा भोकं पाडा, ड्रम तीन विटांवर ठेवा, आत पऱ्हाटी उभी ठासून भरा, आणि भोवती दुसऱ्या मोठ्या ड्रमचं किंवा विटांचं कडं करून मधल्या फटीत सल पेटवा. तासाभरात खालच्या भोकांतून निघणारा वायूच ड्रम तापवू लागेल. पत्रा पातळ असतो, पंचवीस-तीस भट्ट्यांनंतर बुडाशी चाळणी होते, मग भंगारात. फक्त कीटकनाशकाचा ड्रम घेऊ नका, कितीही धुतला तरी. आणि तेलाचा असेल तर पहिली भट्टी रिकामीच लावा, रंग आणि तेल जळून जाऊ द्या, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून.